झेन मॉडिफाय करतोय: फ्रंट ड्राइव्हच ठेवू की रिअर करू?

गगनबावडेकर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. आजवर इथे फक्त वाचत होतो, आता विचारल्याशिवाय गत्यंतर नाही.

मामांची जुनी कार्बोरेटरवाली झेन पदरात पडली आहे. रंग गेलाय, पत्रा शाबूत आहे, फ्लोअर अजून कुठे सडलेला नाही. इंजिन तेल पितं, त्यामुळे ते काढायचंच आहे. त्या जागी एस्टीमचं १.३ लिटरचं एमपीएफआय (फ्युएल इंजेक्शनवालं) इंजिन बसवायचं ठरलंय. झेनचे ५० बीएचपी (अश्वशक्ती) जाऊन ८५ येतील. इथपर्यंत घरात एकमत आहे.

पुढे भांडण आहे. चुलतभाऊ म्हणतो, एवढं सगळं उघडतोच आहेस तर ओम्नीचा मागचा एक्सल आणि प्रॉपेलर शाफ्ट (ताकद मागे नेणारा लांब दांडा) टाक, इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या रेषेत बसव आणि रिअर व्हील ड्राइव्ह कर, म्हणजे गाडी मागच्या चाकांनी ढकलली जाईल. पुढच्या चाकांनी ओढणारी गाडी म्हणजे भाजी आणायची गाडी, असं त्याचं मत. मला ते पूर्ण पटत नाही, पण खोडूनही काढता येत नाही.

वापर दोन ठिकाणी: माळावर होतात त्या ऑटोक्रॉस (मातीवरच्या वेळेच्या शर्यती), आणि रविवारी सकाळी गगनबावड्याचा घाट. रोजच्या कामाला स्प्लेंडर आहे. तर फ्रंट ठेवू की रिअर करू?

तांबडा_पांढरा

पहिल्या रांगेत जागा धरून ठेवतोय.

लेथवाला

भावा, आधी भावाला ओम्नीखाली झोपव आणि नीट बघायला सांग.

ओम्नीचं इंजिन पुढच्या सीटखाली लांबीच्या रेषेत, कुशीवर कलंडलेलं असतं. त्याच्यामागं गिअरबॉक्स, मग प्रॉपेलर, मग पाट्यावरचा एक्सल. तुझ्या झेनमध्ये इंजिन आडवं आणि गिअरबॉक्स त्याच्या शेजारी. ते उभं करायचं म्हटलं की गिअरबॉक्स सरळ तुझ्या पायात येतो. फायरवॉल (इंजिन आणि केबिनमधली पत्र्याची भिंत) कापायची, फ्लोअरला बोगदा काढायचा, पेडल सरकवायची. मागच्या सीटखाली पेट्रोलची टाकी आहे, तिच्या जवळूनच एक्सलला वरखाली व्हायला जागा पाहिजे. म्हणजे टाकी हलवायची. झेनला मागे कॉइल स्प्रिंग आहेत, ओम्नीला पाटे. पाट्यांचे हँगर ठोकायला झेनच्या बुडाला तेवढा जाड पत्राच नाही, तो आधी घालावा लागेल. आणि ओम्नी अंगानं झेनपेक्षा अरुंद, त्यामुळे मागची चाकं आत जाणार.

एवढं सगळं कोल्हापूरच्या उद्यमनगरात होतं, न्हाई असं न्हाई. आमच्याकडं लोक याहून खुळी कामं घेऊन येतात. पण ओम्नीचा डिफरन्शियल (एक्सलमधला, दोन्ही चाकांना ताकद वाटून देणारा गिअरचा डबा) ३५-४० बीएचपीच्या हिशोबाचा आहे. ८५ ची ताकद आणि माळावर क्लच सोडायची सवय, दोन्ही एकत्र आले की त्यातल्या क्राउन-पिनियन गिअरचे दात वेचत बसशील.

पद्मिनीप्रेमी

लेथवाले म्हणतात ते कामाच्या दृष्टीने बरोबर. पण मूळ मुद्दा चुलतभावाचाच खरा आहे.

मी ठाण्यात राहतो. माझ्याकडे अजून पद्मिनी चालती आहे. १०८९ सीसी, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, मागे पाटे. आजच्या हिशोबाने गाडीत ताकद नाहीच. तरीही वळणात शिरताना स्टिअरिंगला जे कळतं ते तुमच्या फ्रंट ड्राइव्हमध्ये कळत नाही. पुढच्या चाकांना एकच काम, वळायचं. ढकलायचं काम मागच्यांचं. एकाच चाकाकडून वळणं, ओढणं आणि ब्रेकचा मोठा वाटा, तिन्ही कामं घेतली की गाडी वळणात नाकाने बाहेर पळते, आणि तुम्ही पाय उचलण्यापलीकडे काही करू शकत नाही. मागून ढकलणाऱ्या गाडीत ॲक्सिलरेटर हे दुसरं स्टिअरिंग असतं.

शिवाय घाट! चढावर गाडीचं वजन मागे सरकतं. मग पकड कुठे हवी? मागेच ना?

शून्य_टो

चाकणला सस्पेन्शनमध्ये काम करतो, म्हणून थोडा हिशोब मांडतो. गगनबावडेकर, तुमच्या गाडीचं पुढचं-मागचं वजन वेगवेगळं मोजता येईल का? अंदाजावर बोलण्यात अर्थ नाही. जवळ एखादा ऊस वजनकाटा असेलच.

गगनबावडेकर

काटेवाल्याने वेड्यात काढलं. उसाच्या ट्रॉल्या रांगेत आणि मी मधेच झेन घेऊन, आधी पुढची चाकं काट्यावर, मग मागची. काटा ५ किलोच्या टप्प्याने दाखवतो. मी आत बसलेलो, टाकी अर्धी: पुढे ५००, मागे ३१०.

शून्य_टो

उत्तम. म्हणजे एकूण ८१०, त्यातले जवळजवळ ६२% पुढे. झेनचा व्हीलबेस (पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर) २३३५ मिमी. गुरुत्वमध्य जमिनीपासून साधारण ५२० मिमी धरू. एस्टीमचं इंजिन टाकल्याने हे फार बदलणार नाही, कारण झेनचं जी१० आणि एस्टीमचं जी१३ एकाच घराण्यातली, दोन्ही ॲल्युमिनियमची.

आता गाडी पुढे ढकलली जाते तेव्हा वजन मागच्या चाकांवर जातं. किती, ते ठरतं जोर, गुरुत्वमध्याची उंची आणि व्हीलबेस यांवर. जोर गाडीच्या वजनाच्या ४०% असेल तर ८१० किलोपैकी ९% वजन पुढून मागे जाईल. फ्रंट ड्राइव्हची पुढची चाकं ६२ वरून ५३ टक्क्यांवर येतील. चुलतभावाने गाडी रिअर केली आणि सगळं छान जमून वजनाची वाटणी ५५:४५ झाली असं समजू. मग मागची चाकं ४५ वरून ५४ वर जातील. ५३ आणि ५४! एवढ्यासाठी फायरवॉल कापायची?

पद्मिनीप्रेमी काकांच्या घाटाच्या मुद्द्याबद्दल. चढ असो की सपाट, वजन मागे नेतो तो चाकांनी जमिनीवर लावलेला एकूण जोर. त्यातला काही चढ चढण्यात खर्च होतो, उरलेला वेग वाढवण्यात. दुसऱ्या गिअरला ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलात तर करूळ घाटात आणि हायवेवर वजन जवळपास सारखंच सरकतं. घाटात फरक पडतो तो वळणामुळे. त्यावर नंतर बोलू.

खरा प्रश्न हा की चाक फिरायला लागण्याआधी जास्तीत जास्त किती जोर जमिनीवर उतरतो. टायर आणि रस्त्याच्या पकडीप्रमाणे आकडे असे येतात, सगळे गाडीच्या वजनाच्या टक्क्यांत:

माळावरची सुटी माती, पकड ०.४: फ्रंट २३, रिअर २०.
ओला डांबरी रस्ता, पकड ०.५: फ्रंट २८, रिअर २५.
कोरडा डांबरी, साधे टायर, पकड ०.८: फ्रंट ४२, रिअर ४४.
ट्रॅकवरचे चिकट टायर, पकड १.१: फ्रंट ५५, रिअर ६६.

पकड कमी तेवढा फ्रंटचा फायदा, पकड जास्त तेवढा रिअरचा. पारडं ०.७ च्या आसपास फिरतं. म्हणून रेसच्या गाड्या मागून ढकलणाऱ्या असतात, आणि म्हणूनच तुमच्या माळासाठी नि पावसाळी गगनबावड्यासाठी निदान जोराच्या हिशोबात झेन जन्मतःच बरी आहे. १.३ चं इंजिन दुसऱ्या गिअरला ढोबळमानाने ४०% जोर देईल. म्हणजे कोरड्यात जेमतेम धरेल, ओल्यात पुढची चाकं नक्की फिरतील. रिअर केलीत तर मागची फिरतील, तीही जरा आधीच.

तांबडा_पांढरा

पाच वेळा वाचलं, आता जरा जरा कळतंय. भौतिकशास्त्राच्या सरांनी उसाचा काटा आणून शिकवलं असतं तर मी पास झालो असतो.

पद्मिनीप्रेमी

हिशोब मान्य. पण शून्य_टो, तुमच्या तक्त्यात सगळं सरळ रेषेत आहे. माणूस मॉडिफाय गाडी सरळ चालवायला करतो का? मागचं चाक सुटलं की शेपूट बाहेर येते, उलटं स्टिअरिंग मारून तुम्ही ती सावरता आणि नाक हवं तिकडे वळवता. पुढचं चाक सुटलं की स्टिअरिंग नुसतं हातात राहतं. कुठलं चाक सुटतं याला काहीच किंमत नाही का?

शून्य_टो

आहे, मोठी आहे. तिथे तुमच्याशी वाद नाही. फक्त गगनबावड्याच्या कठड्याशेजारी शेपूट बाहेर काढू नका एवढंच.

नोट्स_वाचणारी

या वादात रॅलीवाल्यांचं कुणी बोलेना म्हणून लिहिते. मी नाशिकच्या बाजूच्या रॅल्यांमध्ये को-ड्रायव्हर म्हणून बसले आहे, शेजारच्या सीटवरून दोन्ही प्रकार पाहिलेत.

फ्रंट ड्राइव्ह वळत नाही ही तक्रार बहुतेक वेळा चालवणाऱ्याची असते. मातीवर फ्रंट ड्राइव्ह चालवणारा चांगला ड्रायव्हर वळणाच्या आधीच गाडी आडवी करतो. ॲक्सिलरेटर चालू ठेवून डाव्या पायाने ब्रेक. पुढची चाकं इंजिनामुळे फिरत राहतात, मागची लॉक व्हायला येतात, शेपूट फिरते. मग ब्रेक सोडला की पुढची चाकं गाडीला वळणातून ओढून काढतात. तीव्र हेअरपिनला हँडब्रेक. आपल्या राष्ट्रीय रॅलीत सीडिया आणि पोलो या फ्रंट ड्राइव्ह गाड्यांनीच कितीतरी वर्षं जिप्सीवाल्यांना घाम फोडला.

उलट माळावर नवशिक्याच्या हाती हलकी रिअर ड्राइव्ह दिली की तो गोल गोल फिरतो, बघणाऱ्यांच्या टाळ्या मिळतात आणि वेळ मात्र खराब लागते. धागाकर्त्याला टाळ्या हव्यात की वेळ, ते त्याने ठरवावं.

मिडलँड्सकर

डाव्या पायाने ब्रेकचा विषय निघाला म्हणून राहवलं नाही. हे तंत्र स्वीडनच्या एरिक कार्लसनने साब ९६ मध्ये गाजवलं. ती गाडी फ्रंट ड्राइव्ह, तीन सिलिंडर, टू-स्ट्रोक, आणि त्यावर त्याने ब्रिटनची आरएसी रॅली १९६० ते ६२ लागोपाठ जिंकली, शिवाय १९६२ आणि ६३ ची माँटे कार्लो. त्याच्या मागोमाग मिनी आल्या, त्याही फ्रंट ड्राइव्ह. १९६४, ६५ आणि ६७ ची माँटे कार्लो मिनीने मारली. ६६ लाही मारलीच होती, पण दिव्यांच्या नियमावरून बाद केली. माँटे कार्लो म्हणजे बर्फ, म्हणजे शून्य_टो यांच्या तक्त्यातल्या पहिल्या ओळीच्याही वरची परिस्थिती.

माझ्या इंग्लंडमधल्या घरापासून शेल्सली वॉल्श जवळ आहे. तिथे १९०५ पासून डोंगर चढायची शर्यत होते. डांबर कोरडं असेल आणि टायर गरम असतील तर रिअरवाले पुढे, पाऊस आला की निकालाच्या यादीत लहान फ्रंट ड्राइव्ह गाड्या वर सरकतात. तक्ता डोळ्यांसमोर जिवंत होतो.

पण काकांच्या बाजूनेही एक. इथे जुन्या रिअर ड्राइव्ह फोर्ड एस्कॉर्टचे नुसते सांगाडे ज्या भावाने जातात ते ऐकून पोटात गोळा येतो. लोक ते चांगली वेळ लावायला घेत नाहीत. शेपटीसाठीच घेतात.

गगनबावडेकर

बरंच शिकतोय. मग फ्रंट ठेवली तर एस्टीमच्या ताकदीचं करायचं काय? मित्राच्या अशाच झेनमध्ये बसलो होतो. ॲक्सिलरेटर दाबला की स्टिअरिंग एका बाजूला ओढतं, आणि चढाच्या वळणाला आतलं चाक नुसतं धूर काढतं.

शून्य_टो

हे दोन वेगळे आजार आहेत.

ओढ लागते त्याला टॉर्क स्टिअर म्हणतात. आडव्या इंजिनाच्या टोकाला गिअरबॉक्स असल्याने डिफरन्शियल मध्यावर बसत नाही, एक ड्राइव्ह शाफ्ट आखूड आणि एक लांब होतो. ही मांडणी फियाटच्या दान्ते जाकोझाने रुजवली. १९६९ च्या फियाट १२८ पासून साऱ्या जगाने उचलली, झेनमध्येही तीच आहे. जोर आला की दोन्ही शाफ्टचे कोन वेगवेगळे बदलतात, लांब शाफ्ट पिळवटतोही जास्त, आणि स्टिअरिंगला ते कळतं. मोठ्या ताकदीच्या गाड्यांत मधे एक तुकडा आणि त्याला बेअरिंग देऊन दोन्ही शाफ्ट सारख्या लांबीचे करतात. तुम्हाला ८५ बीएचपीला त्याची गरज पडू नये. आधी कंट्रोल आर्मचे बुश नवे टाका, इंजिनाचे माउंट बदला, गाडी पुढून फार खाली बसवू नका. खाली बसवली की शाफ्टचे कोन बिघडतात आणि ओढ वाढते. निम्मी तक्रार तिथेच संपेल.

आतल्या चाकाचा धूर हा डिफरन्शियलचा गुण. वळणात आतल्या चाकावरचं वजन बाहेर जातं, साधा डिफरन्शियल हलक्या चाकाला जेवढं झेपतं तेवढाच जोर दोघांना देतो. चढावर ॲक्सिलरेटर पूर्ण असतो म्हणून घाटात हे जास्त जाणवतं. काकांना घाटात फ्रंट ड्राइव्ह नकोशी वाटते ती यामुळे. उपाय एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल, जो एक चाक सुटलं तरी दुसऱ्याला जोर देतो. फ्रंटला हेलिकल गिअरवाला घ्या, तो स्टिअरिंगशी मारामारी करत नाही. प्लेटवाला झटके देतो. हेलिकल परवडत नसेल तर मागचा अँटीरोल बार (वळणात गाडी कलंडणं कमी करणारा दांडा) जाड करा. मग वळणात वजनाची जास्त देवाणघेवाण मागचा एक्सल करतो, पुढचं आतलं चाक जमिनीवर टिकतं आणि नाकाने पळणंही कमी होतं. पहिल्यांदा वळणात मागचं आतलं चाक हवेत उचललेलं दिसेल, घाबरू नका.

घाबरायचं कशाला ते सांगतो. मागचा बार कडक केल्यावर वळणाच्या मध्यात एकदम पाय उचललात तर फ्रंट ड्राइव्हची शेपूट रिअरपेक्षा वाईट फिरते. प्यूजो २०५ जीटीआय त्यासाठी प्रसिद्ध होती. आधी मोकळ्या जागेत सवय करा.

लेथवाला

आणि कुणी तुला डिफरन्शियलच्या आत वेल्डिंग मारून देतो म्हणाला तर उलट्या पावली परत ये. माळावरच्या रिअर गाड्यांना मारतात, मातीत खपून जातं. फ्रंटला मारलं तर पार्किंगमध्ये स्टिअरिंग फिरवताना खांदा निखळेल, आणि जॉइंट एकामागून एक तुटतील.

बाहाची_पोर

सगळे ओम्नीच्या एक्सलवर का अडकलेत? रिअर ड्राइव्ह हवी असेल तर प्रॉपेलर लागतोच कुठे?

आम्ही कॉलेजात बाहासाठी (विद्यार्थ्यांनी गाडी बांधायची स्पर्धा) गाडी बांधली होती. त्यात इंजिन ड्रायव्हरच्या मागे, गिअरबॉक्स त्याला चिकटून, तिथून थेट मागची चाकं. झेनचं इंजिन, गिअरबॉक्स आणि दोन्ही शाफ्ट हा एक आयता गठ्ठा आहे. तो तसाच उचलून मागच्या सीटच्या जागी ठेवा. फॉर्म्युला एलजीबी स्विफ्ट ही शर्यतीची गाडीसुद्धा मारुती स्विफ्टचं १.३ इंजिन ड्रायव्हरमागे ठेवून मागची चाकं फिरवते. शून्य_टो दादा, ४०:६० वाटणी धरून तुमच्या तक्त्यात काय येतं?

शून्य_टो

मातीवर २६, ओल्यात ३४, कोरड्यात ५८. सगळीकडे दोघांच्याही वर. बोलायला जागा ठेवली नाहीस.

मिडलँड्सकर

ही युक्ती कंपन्यांनीही केली आहे. फियाटने १२८ चा फ्रंट ड्राइव्ह गठ्ठा सीटमागे टाकून १९७२ मध्ये एक्स१/९ काढली, टोयोटाने १९८४ मध्ये एमआर२ अशाच पद्धतीने.

एक काळजी घ्या: गठ्ठा जसा पुढे आहे तसाच मागे सरकवायचा, उलटा फिरवायचा नाही. १८० अंशांत फिरवलात तर एक पुढचा गिअर आणि चार-पाच रिव्हर्स, नाही का!

लेथवाला

पोरगी बरोबर बोलतीय, पण जेवढं सोपं बोलली तेवढं सोपं न्हाई.

पुढचं सस्पेन्शन अख्खं मागं जाणार. स्ट्रट, हब, डिस्क सगळं. स्टिअरिंगचे टाय रॉड जिथं लागायचे तिथं आता पक्क्या दांड्या लावून मागची चाकं सरळ धरून ठेवायची. त्या दांड्यांची लांबी आणि उंची चुकली तर खड्ड्यात मागची चाकं आपापली वळतात, मग गाडी काय करील ते तिलाच ठाऊक. गिअर लीव्हरच्या दांड्या जाणार, केबल टाकाव्या लागणार. रेडिएटर पुढंच ठेवायचा तर पाण्याचे पाईप बुडाखालून न्यायचे आणि त्यातली हवा काढायला डोकं लागतं. टाकी पुढं डिकीत. सीट आणि इंजिनाच्या मधे पत्र्याची भिंत, आग लागली तर ती तुमच्या पाठीशी आहे. ब्रेकची वाटणी पुन्हा करायची, आता पुढं वजन न्हाई. दोन सीटची गाडी होणार, ती रस्त्यावर न्यायची न्हाई.

काम मस्त आहे पण. कुणी सांगाडा आणून दिला तर मी करीन म्हणतो.

नियमावली

रस्त्याचा विषय निघालाच आहे तर कटू बोलून घेतो.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच पक्कं केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२अ मालकाला लागू होतं: सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. इंजिन बदलायचं असेल तर नोंदणी अधिकाऱ्याची परवानगी आधी, काम नंतर. आरसीवरचा इंजिन नंबर आणि बॉनेटखालचा नंबर जुळला नाही तर अपघातात विमा कंपनी हात वर करेल, आणि समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातून.

फ्रंटची रिअर केलेली किंवा इंजिन मागे नेलेली गाडी पासिंगला उभी राहील अशी आशा धरू नका. ती ट्रेलरवरून माळावर न्यायची गाडी. गगनबावड्याचा रस्ता तिच्यासाठी नाही. तसाही तो शर्यतीचा रस्ता नव्हे, कोकणात उतरणाऱ्या ट्रकांचा आहे.

पद्मिनीप्रेमी

मग माझं ऐका. रिअर ड्राइव्ह बनवू नका, जन्मतः रिअर असलेली घ्या. पद्मिनी, नाहीतर ११८ एनई. तिला निस्सानचं ११७१ सीसीचं इंजिन होतं. मुंबईच्या टॅक्सीतून शेवटची पद्मिनी ऑक्टोबर २०२३ मध्ये उतरली, पण खाजगी गाड्या अजून बऱ्याच आहेत. काहीही न कापता, काहीही न बदलता मागची चाकं ढकलतात. आरसी स्वच्छ राहते.

तांबडा_पांढरा

काका, नॅनो राहिली की. इंजिन मागे, ढकल मागून, टायरही मागे रुंद. कोइम्बतूरच्या जयेमवाल्यांनी सुपर नॅनो बनवलीच होती. तक्त्यानुसार नॅनोच जिंकली म्हणायची!

शून्य_टो

हसू नका, मांडणीच्या हिशोबाने ती खरंच चांगली आहे. फक्त दोन सिलिंडर, ६२४ सीसी आणि चारेक डझन अश्वशक्तीही नाही. इंजिन बदलायला गेलात की पुन्हा नियमावली साहेबांच्या दारात.

नोट्स_वाचणारी

ओम्नीचा विचार करणाऱ्यांनी तिचा व्हीलबेसही बघावा. १८४० मिमी, झेनपेक्षा जवळजवळ अर्धा मीटर कमी. मागे सामान नसताना पावसात ब्रेक मारला की ती कशी फिरते हे कुठल्याही दूधवाल्याला विचारा. रिअर ड्राइव्ह म्हणजे आपोआप मजा, असं नसतं.

गगनबावडेकर

ठरवलं.

झेन फ्रंटच राहणार. इंजिनाची परवानगी आधी मागतो. मिळाली तर एस्टीमचं, नाही मिळाली तर मूळ ९९३ सीसीच रिंग-पिस्टन टाकून बांधून घेतो. बुश, माउंट, मागचा बार आधी, हेलिकल एलएसडी पैसे साठले की. डाव्या पायाच्या ब्रेकची सवय माळावरच करीन.

आणि लेथवाले दादा, भंगारातून जुन्या ८०० चा सांगाडा बघून ठेवतो. इंजिन मागे टाकायचं ते त्यात. रस्त्यावर येणार नाही, मामांच्या दारात तर नाहीच.

टायर नवे दोनच घेता येतील सध्या. ओढ पुढे आहे म्हणजे पुढेच घालू ना?

शून्य_टो

नाही, मागे. पुढचे घसरले तर गाडी रुंद जाते, ते कळतं आणि पाय सैल करून सावरता येतं. पावसात मागचे घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. माळावरच्या दिवशी हवं तर अदलाबदल करा, घाटात जाताना चांगले मागे.

लेथवाला

८०० चा सांगाडा घेताना पुढच्या स्ट्रटच्या टोप्या आणि फ्लोअरच्या कडा टोचणीनं टोचून बघ. टोचणी आत गेली तर सोडून दे. आणि ८०० चं जुनं इंजिन ओतीव लोखंडी ब्लॉकचं आहे, ते मागं टाकू नको. झेनचं काढलेलं ठेवून दे, ते हलकं आहे. तेल पितं तर बांधून घेऊ.

चुलत_भाऊ

मीच तो चुलतभाऊ. कालपासून सगळं वाचलं. हरलो, मान्य.

पण ओम्नीचा एक्सल मी परवाच पाट्यांसकट उचलून आणलाय. अंगणात पडलाय, आई रोज विचारते. त्याचं काय करू?

लेथवाला

आणून दे, वर चॅनेलची चौकट मारून देतो. माळावर गाडी न्यायला ट्रेलर पाहिजेच होता की तुम्हाला.